ट्रॅकिंग गंडलंय असंच सगळ्यांना वाटत होतं

आमचं काम म्हणजे मानेतली कॅरोटिड धमनी दर ठोक्याला किती फुगते ते सोनोग्राफीच्या व्हिडिओवरून सॉफ्टवेअरने मोजायचं. धमनी सहा-सात मिलिमीटरची आणि फुगणार जेमतेम अर्धा मिलिमीटर, वय झालेल्यांची त्याहून कमी, म्हणजे स्क्रीनवर थोडेसेच पिक्सेल. प्रोग्राम दोन्ही भिंतींवर एकेक छोटा चौकोन धरतो आणि तसाच दिसणारा तुकडा पुढच्या फ्रेममधे कुठे सरकला ते शोधत जातो, यालाच आम्ही ट्रॅकिंग म्हणतो. माणसाने आवंढा गिळला किंवा मानेवर धरलेला सोनोग्राफीचा प्रोब जरा तिरका झाला की चौकोन भलतीकडेच जाऊन बसतो, कधी शेजारच्या शिरेलाच चिकटतो.

मशीन आमच्या लॅबमधे आणायची सोय नाही, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे ते नोंदणी केलेल्या जागीच वापरायचं, मग तुम्ही पोट बघा नाहीतर मान. त्यामुळे लॅपटॉप घेऊन आम्हीच हॉस्पिटलात.

त्या दिवशी साठी उलटलेले एक काका आले होते आणि सोबत ठोके नोंदवणाऱ्या ईसीजीची केबल नेमकी खराब. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या राहू दे, नुसता व्हिडिओ घेऊ. धमनी किती फुगते त्याचा ग्राफ आला तो अगदी वेडावाकडा, एक ठोका उंच, पुढचे दोन बुटके, मधली अंतरं कशीही. आमचा एमटेकचा पोरगा लगेच, "सर, ट्रॅकिंग गेलं." चौकोन मोठा करून बघितला, लहान केला, काकांना श्वास रोखायला लावला, तरी तेच. सकाळी बाकीच्यांचे ग्राफ मस्त आले होते, म्हणून जास्तच वैताग.

मग मूळ व्हिडिओवर चौकोन चढवून सावकाश चालवला तर ते दोन्ही भिंतींना नीट धरून होते, जराही सरकलेले नाहीत. आणि एक गोष्ट खटकली, मधे गॅप मोठी पडली की त्याच्या पुढचा ठोका हमखास उंच. आता ट्रॅकिंगच्या गोंधळाला आधी किती वेळ गेला ते कुठून कळणार? हृदयाला भरायला जास्त वेळ मिळाला की पुढचा ठोका जोरात पडतो, हे मात्र कळण्यासारखं आहे.

मॅडमनी काकांची नाडी धरली आणि म्हणाल्या, "तुमचं सॉफ्टवेअर बरोबर आहे." खालच्या मजल्यावर ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे गुठळी होऊन मेंदूत जायची भीती. काका म्हणतात, "मला तर काहीच होत नाही हो, जिना चढताना दम लागतो तेवढाच." त्याच दिवशी त्यांना हार्टवाल्या डॉक्टरांकडे पाठवलं, रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. नाडीला बोट लावलं असतं तर आधीच कळलं असतं, हेही मॅडमच म्हणाल्या, खरंच आहे.

खरं भांडण नंतर झालं. सरासरीपेक्षा फार वेगळे ठोके आपोआप गाळायचा फिल्टर पुढच्या व्हर्जनमधे टाकायचं ठरलं होतं, मॅडमनी तो साफ नाकारला, म्हणे काकांचे निम्मे ठोके यानेच खाल्ले असते. शेवटी गाळायच्या ऐवजी नुसतं लाल रंगात दाखवायचं ठरलं, पोरगा अजून कुरकुरतोय की ग्राफ घाण दिसतो.