लंडनच्या जुन्या विटांच्या घराचं सिमेंट काढून चुना भरला, माझा अनुभव

उत्तर लंडनमधलं आमचं घर १८२० च्या दशकातलं, रांगेतलं, पिवळट लंडन स्टॉक विटेचं (लंडनची जुनी स्थानिक वीट) आणि ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे कायद्याने जपलेली वारसा इमारत. समोरच्या खोलीत ओल यायला लागली. सर्व्हेअर म्हणाला छत गटार सगळं ठीक आहे, आधी कुणीतरी विटांमधले सांधे सिमेंटने भरलेत तेच दुखणं आहे. जुनी वीट मऊ असते, भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यांतून निघून जातं, सिमेंटने ती वाट बुजवली की ते विटेतून बाहेर पडायला बघतं आणि थंडीत गोठलं की विटेचा दर्शनी पापुद्राच उडतो.

अख्खी दर्शनी भिंत करायची म्हणून लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे अशा इमारतीत बदल करायची परवानगी, घेतला. त्याला फी नाही, मुदत साधारण ८ आठवड्यांची, पण परवानगीशिवाय हात लावला तर सरळ गुन्हा. अर्जासोबत घराचं महत्त्व लिहून द्यावं लागतं आणि ते लिहिताना मी खरंच या घराच्या प्रेमात पडले! आमच्या खिडक्या इतक्या आत का, तर १६६६ च्या आगीनंतर लंडन लाकडाला घाबरलेलं, १७०९ च्या कायद्याने चौकट भिंतीच्या तोंडापासून ४ इंच आत घ्यायला लावली, १७७४ च्या कायद्याने तर सॅशची, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या खिडकीची, लाकडी पेटी विटांच्या मागेच लपवायला लावली. म्हणून बाहेरून फक्त बारीकशी चौकट दिसते, किती देखणं दिसतं ते!

भिंत फ्लेमिश बाँडची, म्हणजे आलटून पालटून एका विटेची लांब बाजू दिसते, एकीचं टोक. पण टोकाच्या बऱ्याचशा अर्ध्या तोडून लावलेल्या, त्यामुळे पुढचा थर मागच्या भिंतीला नीट बांधलेलाच नाही. म्हणून हादरे देणाऱ्या ग्राइंडर मशीनला मी ठाम नाही म्हटलं, गवंड्याने छिन्नी हातोडीनेच हळूहळू सिमेंट काढलं. वेळ आणि पैसे दोन्ही जास्त गेले, पण विटांच्या कडा शाबूत राहिल्या.

कॉन्झर्वेशन ऑफिसरने (वारसा इमारतींवर देखरेख करणारा कौन्सिलचा अधिकारी) आधी कोपऱ्यात नमुना करायला लावला, वाळूचा रंग पसंत पडल्यावरच पुढे जाऊ दिलं. भरलेला चुना लगेच सुकू द्यायचा नसतो, वरून ओलं गोणपाट टांगून ठेवतात, आणि पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम बंद. त्यामुळे कुणाला हे करायचं असेल तर अर्ज हिवाळ्यात टाका, परांची वसंतात बांधा.