फियाटचा रंग

रविवार, रात्री

बाबांची प्रीमियर पद्मिनी, जिला आमच्या घरात आजवर कुणी फियाटखेरीज दुसऱ्या नावाने ओळखलेले नाही, नाना पेठेतल्या एका शेडमध्ये पत्र्याच्या कामासाठी उभी आहे आणि तिला कोणता रंग द्यायचा हे रंगकाम करणाऱ्या चाचांना या आठवड्यात सांगायचे आहे. पावसाळा तोंडावर आला की हवेत ओल वाढते आणि अशा हवेत मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येण्याची भीती असते, म्हणून जूनच्या आत रंगाची फवारणी गन चालवून मोकळे व्हावे असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते.

गाडी आजवर गडद निळी होती. आईचा जीव त्या निळ्यात गुंतलेला आहे. सहकारनगरातले जुने शेजारी आम्हाला अजूनही ‘निळ्या फियाटवाले’ म्हणतात आणि रंग बदलला तर गाडी परकी वाटेल, असे ती दोनदा म्हणाली. बाबांना विचारले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. ‘‘अगं, मला तरी कुणी विचारला होता का रंग? नंबर लागला तेव्हा निळी उभी होती, ती घेऊन आलो.’’ पैसे भरून गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबण्याचा तो काळ होता. गाडी हाती पडणे हीच मोठी गोष्ट, तिथे रंगाचा हट्ट कोण धरणार? म्हणजे जो निळा आम्ही घरचा म्हणून जपला, तो आमच्यापैकी कुणीच निवडलेला नव्हता. हे कळल्यापासून मी या कामात अधिक मनापासून लक्ष घालू लागले आहे, कारण या गाडीच्या रंगाची निवड घरात खऱ्या अर्थाने आत्ताच होते आहे.

जुन्या गाडीचा रंग बदलू नये असे जाणकार सांगतात आणि त्यामागचे कारण रास्त आहे. बाहेरून कितीही सुबक काम झाले तरी दार उघडले की चौकटीत, बॉनेट उचलले की इंजिनाभोवती आणि डिकीच्या आतल्या अंगाला जुना रंग डोकावतो. तो झाकायचा तर अख्खी गाडी उकलावी लागते आणि खर्च फार वाढतो. आमच्या बाबतीत गंजानेच ती वेळ आणली आहे. पुढच्या काचेचे रबर काढल्यावर खालचा पत्रा खवल्यांसारखा सुटून आला, दारांखालच्या पट्ट्या पोखरलेल्या निघाल्या, त्यामुळे काचा, दारे, बंपर सगळे आधीच उतरलेले आहे. चाचांनी डाव्या दाराच्या एका जुन्या दुरुस्तीवर पाणी टाकून पॉलिश पेपर फिरवला तेव्हा आधी निळा गेला, मग रंगाखालचे करडे अस्तर म्हणजे सरफेसर, मग खड्डे बुजवायची नखाइतक्या जाडीची लांबी (पुटी), तिच्याखाली गंज रोखणारे तांबूस रेड ऑक्साइड आणि सर्वांत शेवटी पत्रा चमकला. आजकालच्या गाडीवर कारखान्यात दिलेले सगळे थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतात हे लक्षात घेतले, म्हणजे त्या एका दारावर किती माल थापला गेला होता याची कल्पना येते.

फिकट रंगाकडे माझा कल होण्याचे पहिले कारण ऊन आहे. या गाडीत एसी नाही आणि तो बसवण्याचा आमचा विचारही नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये एक काळी आणि एक रुपेरी अशा सारख्याच दोन गाड्या उन्हात उभ्या करून मोजणी केली होती. रुपेरी गाडीचे टप काळीपेक्षा २५ अंश सेल्सियसपर्यंत थंड राहिले आणि आतल्या हवेत ५ ते ६ अंशांचा फरक पडला. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मागच्या सीटवर बसणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या माणसांसाठी हे पाच अंश क्षुल्लक नाहीत.

दुसरे कारण गाडी दिसण्याचे. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने अपघातांच्या नोंदी तपासून दिवसाच्या उजेडात काळ्या गाडीला पांढऱ्या गाडीपेक्षा सुमारे १२ टक्के अधिक धोका असल्याचे मांडले होते. पुण्यातल्या गाडीचा शत्रू मात्र धूळ आहे. रस्त्यांच्या खोदाईची आणि बांधकामांची ती मातकट धूळ गडद रंगावर तासाभरात उठून दिसते. कोरड्या फडक्याने ती पुसली की बारीक गोल ओरखडे उमटतात आणि तेही गडद रंगावरच जास्त डोळ्यांत भरतात. आमची गाडी पर्जन्यवृक्षाखाली उभी असते, त्यामुळे चिकट थेंब आणि पक्ष्यांची विष्ठा हे रोजचेच आहे. गडद पत्रा अधिक तापतो आणि तापलेल्या रंगात विष्ठेचा डाग खोल उतरतो. निळ्या टपावरचे ते डाग कोणत्याही पॉलिशने गेले नव्हते.

भावाने फोनवर सैनिकी हिरवा सुचवला. तो देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे. त्याच्या सूचनेमुळे माझे लक्ष हिरव्याच्या दुसऱ्या टोकाकडे मात्र गेले. फिकट, किंचित राखाडी पिस्ता रंग क्रोमच्या पट्ट्यांशेजारी काय शोभेल हे डोळ्यांसमोर आले आणि तेव्हापासून दुसरा रंग मनात टिकत नाही.

बुधवार

शेडमध्ये गेले होते. रंगछटांच्या कार्डावरचा नखाएवढा तुकडा पाहून निर्णय घ्यायचा नाही हे मी आधीच ठरवले होते, कारण छोट्या तुकड्यावर जो रंग सौम्य भासतो तो मोठ्या पत्र्यावर पसरला की अधिक उजळ आणि भडक वाटू लागतो. चाचांनी एका भंगार डिकीच्या झाकणावर दोन छटा मारून ठेवल्या होत्या, एकीत पिवळा जरा जास्त, दुसरीत काळ्याचे थोडे बोट. ट्यूबलाइटखाली पहिली प्रसन्न वाटली आणि दुसरी आजारी. झाकण उचलून बोळात उन्हात धरले तेव्हा चित्र पार पालटले: पहिली कच्च्या कैरीसारखी डोळ्यांत खुपू लागली आणि दुसरी शांत, भारदस्त, थेट या गाडीच्या वयाला साजेशी दिसली. गाडी जन्मभर उन्हात राहणार आहे, ट्यूबलाइटखाली नव्हे. झाकण उभे धरून आणि आडवे ठेवूनही पाहिले, कारण टपावर आभाळाचा उजेड पडतो आणि दारांवर रस्त्याचा, त्यामुळे एकच रंग दोन्हीकडे वेगळा दिसतो.

मेटॅलिकचा विषय चाचांनीच काढला आणि त्यांनीच मिटवला. ‘‘ताई, मेटॅलिक दिसायला झकास, पण उद्या एका दाराला कुणी घासलं तर तेवढं दार जुळवताना माझा घाम निघतो.’’ मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे अतिशय बारीक पापुद्रे असतात आणि ते पत्र्यावर कसे बसतात यावर रंगाची झळाळी ठरते. गनचा दाब, पत्र्यापासूनचे अंतर, थिनरचे प्रमाण, यांपैकी काहीही बदलले की तोच डबा वापरूनही छटा वेगळी येते. लक्ष्मी रस्त्यावर कधी ना कधी कुणाचे हँडल घासणार हे गृहीत धरूनच पुण्यात गाडी ठेवावी लागते. म्हणून सॉलिड, म्हणजे पापुद्रे नसलेला साधा, पीयू (पॉलियुरेथेन) रंगच द्यायचा. त्यात तो कडक करणारा हार्डनर मिसळतात आणि त्याची वाफ फुप्फुसांना फार वाईट असते. चाचा तोंडाला नुसता रुमाल बांधतात हे पाहून मी फिल्टरचा मास्क आणून देण्याचे कबूल केले आहे आणि तो वापरण्याचे त्यांच्याकडून वचन घेतले आहे.

नोंदणी प्रमाणपत्रात रंगाचा रकाना असतो, त्यामुळे रंग बदलला की संगम पुलाजवळच्या आरटीओ कार्यालयात त्याची नोंद करून घ्यावी लागेल आणि विमा कंपनीलाही कळवावे लागेल. तो अर्ज मी भरणार आहे.

संध्याकाळी ते झाकण रिक्षात घालून घरी आणले आणि पर्जन्यवृक्षाखाली, गाडीच्या नेहमीच्या जागी उभे केले. आई बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘निळ्याची सवय होती गं, पण हा चांगला आहे.’’ याहून अधिक संमतीची माझी अपेक्षा नव्हती. काळ्याचे बोट असलेली छटा नक्की झाली. चाचांना तसा फोन केला आणि उरलेल्या कामांसाठी मिश्रणाचा एक छोटा डबा बंद करून ठेवायला सांगितले. चाकांच्या रिम्सचा रंग बाबांनी ठरवायचा असे झाले आहे. त्यांना पांढरा हवा आहे, रुपेरी नको.