गाडी हिरवी की पिवळी?

एम.ए.च्या वर्गात फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) ही कादंबरी सुरू केली की दोन वाक्यं ठरलेली: हिरवा म्हणजे आशा, पिवळा म्हणजे पैसा. गाइडातली. त्या दिवशी गाइडं बंद करायला लावली आणि फळ्यावर पाच रकाने आखले: प्रकरण, रंग, कशाचा, कोण पाहतंय, उजेड कसा. नऊ प्रकरणं नऊ गटांत वाटली.

काहींनी लगेच मोबाइलवर पीडीएफ उघडून ‘रेड’ शोधलं. ‘हंड्रेड’, ‘टायर्ड’, ‘मर्डर्ड’, सगळी वरात आली. उलट राख, निकेल, क्रीम हे सगळं निसटलं, कारण तिथे रंगाचं नेहमीचं नावच नाही. पेन्सिल घेऊन पान न् पान वाचावंच लागतं.

अर्ध्या तासाने सातव्या प्रकरणाच्या गटातून हात वर आला. “सर, छपाईची चूक आहे. गॅट्सबीची गाडी पिवळी, आणि हा साक्षीदार मायकेलिस पोलिसाला फिकट हिरवी सांगतोय.”

चूक नव्हती. पंपवाल्या विल्सनच्या बायकोला, मर्टलला, उडवून गाडी न थांबता गेली तेव्हा अंधारून आलं होतं, त्याला रंगाची खात्रीच नव्हती. पुढे दुसरा साक्षीदार पिवळी सांगतो. बाकीचे रंग तसेच ठेवून आम्ही या एका गाडीच्या मागे लागलो.

चौथ्या प्रकरणात गोष्ट सांगणारा निक ती दिवसाउजेडी पाहतो: दाट क्रीम रंग, जागोजागी चमकणारं निकेल. आत बसल्यावर मात्र त्याला काचांच्या थरांमागच्या हिरव्या चामड्याच्या काचघरात बसल्यासारखं वाटतं. म्हणजे हिरवा गाडीच्या पोटात आधीपासून आहे. सातव्यात टॉम, म्हणजे गॅट्सबीचं जिच्यावर प्रेम त्या डेझीचा नवरा, तीच गाडी चालवत विल्सनच्या पंपावर थांबतो. आजारी विल्सनचा चेहरा उन्हात हिरवा दिसतो (इथे आशा कुठे बसवायची?). टॉम, ही कशी वाटते, म्हणून विचारतो, आणि निकचं क्रीम विल्सनच्या तोंडी सरळ पिवळं होतं. वर खिडकीतून मर्टल हे पाहते. संध्याकाळी ती रस्त्यावर धावते ती गाडीत तिचा प्रियकर टॉम आहे या समजुतीने. इथे रंग नुसतं प्रतीक राहत नाही, तो कथानकाचा खिळा होतो.

एकीने पिवळ्यापुढे ‘मंगल’ लिहिलं होतं. हळद आपल्या घरातली. पुस्तकात पिवळा राखेच्या खोऱ्यावरही (विल्सनचा पंप असलेल्या उजाड पट्ट्यावर) आहे: डॉक्टर एकलबर्गच्या जाहिरातीतले निळे डोळे, बुबुळंच वारभर उंच, त्यांवर पिवळा चष्मा. हळद समासात ठेवायला सांगितली, रकान्यात नको.

‘उजेड’ हा रकाना खरा उपयोगी पडला पाचव्या प्रकरणात. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी खाडीपलीकडे लांबवर बारीकसा दिसणारा डेझीच्या घराच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा, डेझी गॅट्सबीशेजारी उभी असताना धुक्यामुळे दिसतच नाही. गॅट्सबी नुसता त्याबद्दल बोलतो, आणि निकच्या हिशेबात त्याच्या मंतरलेल्या वस्तूंतली एक कमी होते.

तास संपता संपता सातवा गट परत आला: अपघाताच्या ओळीत रंग कोणता लिहू? दोन्ही लिहा, म्हटलं, ज्याच्या त्याच्या नावापुढे. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, “आणि गाडी चालवणारीला कोणता दिसला?”

ती डेझी. पहिल्या प्रकरणात पांढऱ्या कपड्यांत बसलेली. तिचा रकाना कोराच राहिला.