तिच्या पोस्टरवरचे दोन शब्द

तिने मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, एवढं बघून घ्या ना. आज रात्री टाकायचंय." नऊ महिन्यांच्या भावाचा हसरा फोटो, खाली ठळक अक्षरांत: 'एक इंजेक्शन, आणि माझा भाऊ पूर्ण बरा होईल.'

मी जनुकीय समुपदेशक आहे. औषधासाठी ऑनलाइन निधी उभारणाऱ्यांना रुग्णालयाचं पत्र लागतं, त्यातला आजाराचा मजकूर मी लिहिते.

बाळाला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, टाइप १: स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाणारा आनुवंशिक आजार, त्यातला तीव्र प्रकार. अशी बाळं पाय बेडकासारखे फाकून पडून असतात. श्वास घेताना पोट वर येतं, छाती आत जाते. जिभेच्या कडा बारीक थरथरतात. डोळे मात्र लख्ख, येणाऱ्याजाणाऱ्याच्या मागे फिरणारे. अहवालात पाचव्या गुणसूत्रावरच्या एसएमएन१ जनुकाच्या प्रती ०, एसएमएन२च्या २. हा दुसरा आकडा घरच्यांना कुणी समजावत नाही, याचा मला राग येतो. एसएमएन१ ह्या चेतापेशी जगवणारं प्रथिन बनवतो. एसएमएन२ही तेच बनवतो, पण बहुतेक अर्धवट. त्याच्या प्रती जास्त असल्या की आजार सहसा सौम्य असतो. दोनच असल्या की हातात वेळ फार थोडा. मज्जारज्जूतल्या मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. पोस्टरवरचं ते इंजेक्शन, झोल्जेन्स्मा, चांगला जनुक विषाणूच्या कवचातून पोचवतं ते उरलेल्या पेशींपर्यंत. आमचे डॉक्टर 'एकदाच द्यायचं औषध' म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. ऐकणाऱ्याच्या मनात त्याचं 'कायमचं बरं' होतं.

मी तिला ह्या औषधाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचे आकडे सांगितले. जास्त मात्रा मिळालेल्या १२ बाळांपैकी ११ आधाराशिवाय बसली, २ चालली. त्यातली बहुतेक ह्याच्याहून बरीच लहान होती.

"दोनच?" ती म्हणाली. "हे वाचून कोण पैसे देईल?"

२०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा ह्या औषधाची जाहीर किंमत २१ लाख डॉलरच्या वर होती. तसली रक्कम अठरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर जमवायची, ही व्यवस्था मला कधीच पटलेली नाही. तरी मी ठाम राहिले. 'पूर्ण बरा' काढायला लावलं. उद्या भाऊ बसला पण चालला नाही, तर लोक तिला खोटारडी म्हणतील, असं मला वाटत होतं.

मग वंशावळ काढायला घेतली. बाबांचा चौकोन, आईचं वर्तुळ, खाली मुलं. "तुम्ही दोघंच?"

तिने आईकडे बघितलं. आई बाळाचं टोपरं सारखं करत राहिली.

"मध्ये एक होता. सात महिन्यांचा असताना न्यूमोनियाने गेला. मी अकरा वर्षांची होते. त्याला काखेत धरून उचललं की हातातून निसटायचा. ह्याला पहिल्यांदा तसं उचललं, तेव्हाच मला कळलं होतं."

मी आणखी एक चौकोन काढून त्यावर मृत्यूची तिरकी रेघ मारली. ती पेन्सिलीकडे बघत होती. "ह्याला काळा केलात. त्याला नाही करणार?"

आजार तपासणीने सिद्ध झाला असेल तरच आम्ही चौकोन काळा भरतो. त्याचं रक्त कुणी राखून ठेवलेलं नव्हतं. मी आत प्रश्नचिन्ह काढलं.

"मला माहितीये तो काय होता," ती म्हणाली.

ती स्वतः वाहक, म्हणजे आजारी नसूनही बिघडलेला जनुक पुढे देऊ शकणारी, असण्याची शक्यता तीनात दोन. तिने विचारलं नाही, मीही त्या दिवशी काढलं नाही.

रात्री तिने माझं वाक्य टाकलं: 'वेळेत औषध मिळालं तर आजार वाढायचा थांबू शकेल.' दोन दिवस जमलेल्या पैशांचा आकडा जवळजवळ हललाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती. "मॅडम, लोक विचारतात, बरा होणार नसेल तर एवढे पैसे कशाला? त्यांना काय सांगू?"

माझ्याकडे उत्तर होतं. चाचणीतली, कमी मात्रा मिळालेली धरून, सगळी १५ बाळं वीस महिन्यांची झाली तेव्हा जिवंत होती, कायमच्या व्हेंटिलेटरशिवाय. औषधाविना तिथवर तशी पोचणारी शंभरात आठ. हे मी सांगू शकले असते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "सांग की मधला सात महिन्यांत गेला."

फोनवर ती काही क्षण बोलली नाही. मग "बरं" म्हणाली.

संध्याकाळी पानावर दोन फोटो शेजारी शेजारी होते. एक भाऊ हसणारा, दुसरा जुन्या फिकट फोटोत, कुणाच्या तरी मांडीवर. 'माझा एक भाऊ ह्याच आजाराने गेला.' आकडा तेव्हापासून पळतोय, आज निम्म्याच्या पुढे गेला.

दोन शब्दांसाठी मी तिला अडवलं होतं. आणि जे मी स्वतः प्रश्नचिन्ह काढून सोडलं होतं, ते तिच्या हातात दिलं. ती मांडी आईची असणार. हा फोटो टाकायच्या आधी आईला विचारलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.