सव्वातीनचा चहा, शाम शुई पो

हाँगकाँगहून येऊन महिना होत आला आणि अजून सगळे डिस्नीलँडचेच फोटो मागतायत, पण मला खरं लिहायचंय ते एका दुपारबद्दल. मी आणि आई शाम शुई पोमध्ये अप्लू स्ट्रीटवर फिरत होतो, जुने रेडिओ, चार्जर, वायरींची भेंडोळी असला सगळा रस्त्यावरचा बाजार. सकाळपासून चालून पाय गेलेले, आणि आईला दुपारचा चहा मिळाला नाही की तिचं डोकं धरतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहितीये. मग समोर जे पहिलं चा चान तेंग दिसलं त्यात घुसलो.

चा चान तेंग म्हणजे सरळ अर्थाने चहाचं रेस्टॉरंट. हाँगकाँगमध्ये गल्लोगल्ली असतात. पूर्वी पाश्चात्य खाणं म्हणजे मोठ्या हॉटेलांतलं, साध्या माणसाला न परवडणारं, तर दुसऱ्या महायुद्धानंतर या छोट्या हॉटेलांनी तेच पाव, अंडी, लोणी, मॅकरोनी आपल्या पद्धतीने स्वस्तात द्यायला सुरुवात केली. आत शिरल्या शिरल्या मला इराण्याची आठवण झाली, टाइल्स, छोटी टेबलं, कपबशांचा खणखणाट, आणि कोणी फार वेळ रेंगाळत नाही. टेबल आपलं एकट्याचं नसतं, जागा दिसेल तिथे अनोळखी माणसासमोर बसायचं. त्याला दाप तोई म्हणतात. आमच्यासमोर एक आजोबा पेपर वाचत बसलेले.

मेन्यू चायनीजमध्ये, आम्ही दोघी नुसत्या बघतोय, तेव्हा आजोबांनी पेपर खाली ठेवून भिंतीवर लिहिलेल्या दुपारच्या सेटवर, म्हणजे चहा आणि खाणं मिळून जे देतात त्यावर, बोट ठेवलं. "साम दिम साम," असं कँटोनीजमध्ये म्हणाले आणि मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये अर्थ सांगितला. शब्दशः तीन वाजून तीन, पण हा तीन म्हणजे घड्याळातला तीनचा आकडा, मोठा काटा तिथे आला की पंधरा मिनिटं, म्हणजे सव्वातीन. तिथे बांधकामावरचे कामगार या वेळेला चहाची सुट्टी घेतात आणि आता दुपारच्या चहालाच ते नाव पडलंय! आईला हे इतकं आवडलं की ती मलाच दोनदा समजावून सांगत होती. आपला चारचा चहा आणि त्यांचा सव्वातीनचा.

आता चहा. मला वाटलेलं आईला आवडणार नाही कारण तिच्या मते दूध घालून उकळलेलाच चहा खरा. इथे सिलोन चहाच्या जाड आणि बारीक अशा वेगवेगळ्या पत्त्या एकत्र करतात, कापडी पिशवीतून उकळतं पाणी ओततात आणि तोच चहा परत परत त्या पिशवीतून गाळतात. पिशवी चहाने तपकिरी होऊन लांब मोज्यासारखी दिसते म्हणून त्याला रेशमी मोज्याचा चहा म्हणतात. हाँगकाँगच्या सेंट्रल भागातल्या गेज स्ट्रीटवर 1952 पासून असलेलं लान फोंग युएन या चहासाठी प्रसिद्ध आहे. दूध ताजं नाही, डब्यातलं आटवलेलं, आणि मिल्कमेडसारखं गोड अजिबात नाही. गरम चहात साखर आपली आपण घालायची. 2017 मध्ये हाँगकाँगने अमूर्त वारशाची 20 गोष्टींची यादी काढली त्यात हा चहा करायची कला आहे, आणि पिऊन बघितल्यावर मला ते पटलं. आईने एक घोट घेतला, थांबली, मग म्हणाली, "अगं, कडक आहे पण जिभेला तुरट नाही लागत. साय घातल्यासारखा आहे."

मी बोलो याव घेतलं, म्हणजे लोणी घातलेला गोड पाव. बोलो म्हणजे अननस, पण पावात अननसाचा कणही नसतो, वरचं साखरेचं खुसखुशीत कवच भाजताना तडकतं आणि अननसाच्या सालासारखं दिसतं एवढंच. गरम पाव मधे कापून त्यात फ्रिजमधल्या लोण्याची जाड चकती ठेवतात. वरून कुरकुरीत, आत मऊ गरम, आणि मधे थंड लोणी नुकतं वितळायला लागलेलं, हे सगळं एका घासात. मला बनमस्का जिवापाड आवडतो पण हे गरम-थंड त्यात नाही, खरंच नाही. फक्त एक लक्षात ठेवा, पुष्कळ बेकऱ्या यात डुकराची चरबी वापरतात, तुम्ही डुक्कर खात नसाल तर विचारून घ्या. आई डुक्कर खात नाही म्हणून तिने पावाला हात लावला नाही, तिने फ्रेंच टोस्ट मागवला. दोन पावांच्या मधे पीनट बटर, अंड्यात बुडवून तळलेला, वर लोणी आणि पाक. आई म्हणे शेंगदाण्याचं सारण भरलंय की. अर्धा मला देते म्हणाली आणि सगळा संपवला.

आजोबांनी त्यांचा युएनयेओंग दाखवला, म्हणजे चहा आणि कॉफी एकत्र. तो मी दुसऱ्या कपाला घेतला. आधी कॉफी लागते, मागून चहा येतो, मला तर फार आवडला. थंड घेतलात तर दोन-चार हाँगकाँग डॉलर जास्त पडतात. आमचे दोन सेट मिळून साधारण ऐंशी-नव्वद डॉलर झाले, हाँगकाँगच्या मानाने काहीच नाही.

उठताना आईने आजोबांना हात जोडून नमस्कार केला, त्यांनी मान झुकवली आणि परत पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरिया पीकवर जायचं होतं. सकाळी शूजची लेस बांधता बांधता आईने विचारलं, "तीनपर्यंत खाली येऊ ना गं आपण?"