त्रिपुरारी पौर्णिमेची तयारी

यंदा, २०२५ साली, त्रिपुरारी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला, बुधवारी आहे. कोल्हापुरातल्या पंचगंगा घाटावरचा दीपोत्सव आईला दाखवायचाच, असे ठरवून आज संध्याकाळी मी तिला घेऊन घाट पाहून आलो. पणत्या पहाटेच्या अंधारात लावल्या जातात आणि आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे कोणत्या बाजूने उतरावे आणि कुठे बसावे, हे उजेडी पाहून ठेवणे मला गरजेचे वाटले. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या दगडी पायऱ्यांच्या सांध्यांत वाळलेला गाळ अजून दिसत होता, एका पायरीवरचा गाळ आईने हाताने झाडला आणि म्हणाली, "आपली पणती हितंच लावूया."

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून झालेली ही नदी. तिच्या काठच्या या उत्सवाला ना तिकीट लागते ना आमंत्रण, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पहाटे चारला निघून गाडी गंगावेशीतच लावायची आणि पुढे सावकाश चालत जायचे, असे ठरले आहे. नव्या पणत्या आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालायच्या, म्हणजे त्या तेल पिणार नाहीत. नदीत प्लास्टिकचे काहीही सोडायचे नाही, हे मुलांना आजच बजावले आहे.