नुसती नावंच चाललीयेत

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की नवऱ्याला सांगायचीही लाज वाटतेय. शनिवारी आमची एकांकिका झाली. झकास झाली, सगळ्यांना आवडली, लाइट एकदाच गेले आणि ते पण चहाच्या वेळेला. पण तिसरी घंटा झाल्यावर पडद्यामागून काकांनी नेहमीच्या खर्जातल्या आवाजात नावं घेतली, नेपथ्य अमुक, प्रकाशयोजना तमुक, पार्श्वसंगीत, रंगभूषा, आणि मग, 'वेशभूषा, कलाकारांची आपापली.'

आपापली.

मी तेव्हा रंगपटात, म्हणजे आपल्या टेबल टेनिसच्या खोलीत, माईंच्या काष्ट्यापाशी गुडघ्यावर बसले होते. तोंडात चार टाचण्या. त्यामुळे काही बोलताही आलं नाही आणि तेच बरं झालं. दोन नऊवाऱ्या शिवून, तुळशीबागेत तीन फेऱ्या मारून लेस आणून, इन्स्पेक्टरचा शर्ट दोनदा उसवून. आणि तो कोट सासऱ्यांचा होता. कापायचा की नाही यावर मी दोन दिवस घातले. असो.

काकांनी मुद्दाम केलं नाही हे मला माहितीये. कागद मागच्या वर्षीचा होता, त्यावर नावं खोडून नवी लिहिलेली, वेशभूषेची ओळ तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं तेव्हा बिचारे इतके ओशाळले की मीच त्यांना म्हटलं, अहो त्यात काय एवढं. म्हणजे बोलून मोकळी झाले. पण त्यात एवढं काय आहे हे चार दिवस झाले तरी मला कळत नाहीये. पैसे नकोत, नारळ नको, शाल तर मुळीच नको. अडीच सेकंदांचा एक आवाज हवा होता, जो निम्म्या लोकांनी खुर्च्या सरकवण्याच्या नादात ऐकलाही नसता!

रविवारी चिरंजीव लॅपटॉप घेऊन बसले होते. कॉलेजात असाइनमेंट आहे, सिनेमांच्या टायटल्सवर. आता यावरही असाइनमेंट असते म्हणे. मी भाजी निवडत शेजारी बसले आणि बघता बघता भाजी तशीच राहिली. त्याने १९५५ चा एक सिनेमा लावला, 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या पट्ट्या सरकतात, थांबतात, त्यांच्यामधून नावं येतात आणि शेवटी त्याच पट्ट्यांचा एक वाकडातिकडा हात होतो. कागद कात्रीने कापल्यासारखा. हिरो व्यसनी, सुईने नशा टोचून घेणारा, म्हणून तो हात. सॉल बास नावाच्या माणसाचं काम. तोवर तिकडच्या बऱ्याच थेटरांत नावं बंद पडद्यावरच दाखवून टाकायचे, नावं संपली की पडदा उघडायचा आणि मग खरा सिनेमा. या सिनेमाच्या डब्यांवर म्हणून मुद्दाम चिठ्ठी लावून पाठवलेली की प्रोजेक्टरवाल्याने टायटल्सच्या आधी पडदा उघडावा.

मला ती चिठ्ठी इतकी लागली! बाबांनो, आधी पडदा उघडा, ही पण माणसं आहेत.

आणि लगेच आठवलं ते आमचं थेटर. आम्ही कायम उशिरा. आईचं कुकर, बाबांची कुलपं दोनदा ओढून बघणं, मग धावत पळत, अंधारात त्या बॅटरीवाल्याच्या मागे लोकांचे पाय तुडवत जायचं आणि आई पडद्याकडे बघून सुस्कारा टाकायची, 'नुसती नावंच चाललीयेत, काही गेलं नाही.' दर वेळी हेच वाक्य. आम्ही कधी वेळेवर पोचलोच तर सर्टिफिकेटवर रिळं किती ते मोठ्याने वाचायचो, जास्त रिळं म्हणजे पैसे वसूल. नावं कोण वाचतंय. काही गेलं नाही. किती माणसांचं 'काही नाही' होतं ते.

मी स्वतः तरी काय वेगळी आहे. ओटीटीवर ते 'इंट्रो वगळा' बटण दिसायच्या आत माझा अंगठा तिथे असतो.

मग त्याने 'सेव्हन' लावला, १९९५ चा. मी हा सिनेमा पूर्ण बघितला नव्हता, रक्तबिक्त मला चालत नाही, पण टायटल्स बघितली आणि हातातली मेथी खाली ठेवली. कारण पडद्यावर कोणीतरी शिवत होतं. खरंच! चेहरा नाही, नुसते हात, सुई आणि दोरा, वह्यांची पानं शिवणं, ब्लेडने काहीतरी खरवडणं, आणि नावं सगळी नखाने ओरखडल्यासारखी, थरथरणारी. काइल कूपर म्हणून आहे कोणी, त्याने केलेली. खुन्याच्या वह्या आहेत त्या, हे पोराने सांगितलं. मी म्हटलं तो टाका चुकतोय. तो म्हणाला, आई, प्लीज.

पण खरी गंमत पुढे आहे. यातल्या खुन्याचं काम केलेल्या नटाचं नाव सुरुवातीच्या नावांत नाहीच. मुद्दाम ठेवलेलं नाही, नाव दिसलं असतं तर प्रेक्षक त्याची वाट बघत बसले असते. नाव येतं ते सिनेमा संपल्यावर. म्हणजे सुरुवातीला हात दिसतात त्याचे, शिवतोय तो, आणि नाव नाही. मी पाच मिनिटं फार खूश होते. की बघा, ज्याच्यावाचून सगळं अडलंय त्याचं नाव गाळायची पद्धत असते. मग लक्षात आलं की मी स्वतःची तुलना कोणाशी करतेय. कोण नट ते लिहीत नाही, कुणी बघायचं राहिलं असेल तर.

काल एकटी असताना 'चारुलता'ची पहिली दोन मिनिटं लावली. सत्यजित रायनी १९६४ मध्ये केलेला. यात तर काही धावतपळतच नाही. नावं येतात आणि मागे एक बाई रुमालावर भरतकाम करतेय. 'बी' भरतेय, इंग्रजी बी, नवऱ्याच्या, भूपतीच्या नावातला. माधवी मुखर्जीचे हात. फ्रेममध्ये कढाईची रिंग, सुई वर येते, खाली जाते. इतके लोक, छायाचित्रण, संकलन, संगीत, सगळ्यांची नावं तिच्या त्या टाक्यांवरून जातात आणि ती आपली दुसऱ्याच्याच नावाचं अक्षर भरत बसलीये. यावर मी रडले. म्हणजे रडले असं नाही, डोळे चुरचुरले, कांदा पण चिरत होते मगाशी. तेवढ्यात बेल वाजली, इस्त्रीवाला.

त्यात भर म्हणून रात्री भानू अथय्या आठवल्या. आमच्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. १९५६ च्या 'सीआयडी'पासून हिंदीत कपडे केले, 'गाइड', 'आम्रपाली', पार 'लगान'पर्यंत. आणि 'गांधी'साठी १९८३ मध्ये ऑस्कर, भारतातलं पहिलं. आम्ही 'गाइड' घरी किती वेळा बघितलाय, वहिदाच्या साड्यांवर मी आणि ताईने तासतास चर्चा केलीये, ब्लाउजची बाही कशी, पदर कसा. पण टायटल्समध्ये त्यांचं नाव वाचल्याचं आठवत नाही. आम्हाला वाटायचं वहिदाच्याच असतील. आपापल्या!

हे लिहिलं आणि मलाच हसू आलं. म्हणजे काकांवर मी चार दिवस मनातल्या मनात धुसफुसतेय आणि आम्ही वर्षानुवर्षं तेच करत आलो.

पण तरी. हसू आलं म्हणून टोचायचं थांबत नाही. कुठेतरी काटा आहेच.

नाव कुठे येतं यावर लोकांनी किती मारामाऱ्या केल्यात याची मला आता माहिती झालीये, रात्री दीड-दीडपर्यंत हेच वाचतेय. 'शोले'त ते दोन घोडेस्वार खडकांमधून चाललेत, आरडींचं ते संगीत, आणि नावांत अमिताभ चौथा! धर्मेंद्र, संजीवकुमार, हेमा, मग हा. प्राणचं नाव सगळ्यात शेवटी यायचं, 'आणि प्राण', आणि त्या 'आणि'मध्येच सगळी ऐट, पुढे त्याच्या चरित्राचंही नाव तेच ठेवलं. मनमोहन देसाईंचा तर कारभारच वेगळा, 'अमर अकबर अँथनी'त वीसेक मिनिटं सिनेमा होऊन जातो आणि मग नावं, तिघं पोरं एकाच वेळी आईला रक्त देतायत, रक्त नळ्यांतून आधी वर चढून मग खाली येतंय. गुरुत्वाकर्षणालाच सुट्टी, पण नावं वाचायला त्या वेळी सगळे जागेवर असतात, आई आणि आम्ही पण पोचलेले असणार.

आणि सलीम-जावेद. १९७३, 'जंजीर'. पोस्टरवर लेखकांची नावंच नाहीत. तर या दोघांनी सरळ एक पेंटर गाठला आणि मुंबईभर पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली, कुठे कुठे म्हणे थेट नटांच्या अंगातोंडावर. ओशाळणं नाही, अहो त्यात काय एवढं नाही. हे वाचून मी दिवा बंद केला, पाच मिनिटांनी परत लावला.

तर आज संध्याकाळी मी काय केलं ते लिहिते, नाहीतर उद्या स्वतःलाच खोटं सांगेन. एकांकिकेचं शूटिंग पोराने केलंय, एडिट पण तोच करतोय, ग्रुपवर टाकायचंय. मी चहा ठेवला, बिस्किटं पण, आणि अगदी सहज विचारलं की सुरुवातीला टायटल्स टाकणार आहेस का रे, तू तर एवढा अभ्यास करतोयस. तो म्हणाला टाकू शकतो. मी म्हटलं सगळ्यांची टाक हां, कोणाचं राहायला नको, वाईट वाटतं लोकांना. लोकांना! त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. नवरा पेपरमागून खोकला.

'तुझं कसं लिहू, आडनावासकट?'

मी म्हटलं माझं कशाला, राहू दे. आणि गॅसपाशी गेले. दूध उतू जाण्याइतका वेळ कसाबसा थांबले असेन. मग तिथूनच म्हटलं, आडनावासकट.

पांढऱ्यावर काळं नको, मरून घे, त्या शालूच्या काठाचा. त्याने घेतला. आणि जरा जास्त वेळ राहू दे पडद्यावर. तर म्हणाला, प्रत्येकाला तीन सेकंद आहेत, सेक्रेटरींना पण तीनच, वशिला चालणार नाही. बरं म्हटलं, तीन तर तीन. चष्मा लावून जवळ जाऊन वाचलं तर कार्ट्याने 'वेशभुषा' लिहिलेलं.

'भू दीर्घ आहे रे.'